मागून धडक बसली, मान धरली: कामावर परत कसं जायचं

माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक बेळगावात खानापूर रोडला आहे. माझ्याकडे येतात ते उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांतले ऑपरेटर, वडगाव-खासबागचे विणकर आणि हायवेवर टेंपो चालवणारे. मान धरलेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, "मॅडम, दुखायचं पूर्ण थांबल्यावरच कामावर जाऊ न्हवं?" माझं उत्तर असतं, नाही. दुखणं शून्यावर येईपर्यंत घरी बसलात तर मान आणखी आखडते. थोडं थोडं काम सुरू करणं हा उपचाराचाच भाग आहे. मात्र ते मापात हवं.

त्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या. धडकेत डोकं झटक्यात मागंपुढं फेकलं जातं. बहुतेकांची हाडं शाबूत राहतात, फक्त स्नायू आणि सांध्यांभोवतीचे बंध ताणले जातात. म्हणून माणूस जागेवर "काही झालं नाही" म्हणत उठतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून मान उचलवत नाही. पण वय 65 च्या पुढं असेल, गाडी वेगात होती किंवा तुम्ही उडून पडला असाल, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, मान दोन्हीकडे 45 अंशही वळत नसेल, तर आधी हॉस्पिटल आणि एक्स-रे, व्यायाम नंतर. चालताना झोक जाणं, हातातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, एकाचं दोन दिसणं, गिळायला त्रास, उलट्या किंवा वाढत जाणारी डोकेदुखी, यातलं काहीही असलं तर थांबू नका. 108 ला फोन करा. आणि कृपा करून सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेऊ नका. मेंदूकडं रक्त नेणाऱ्या शिरा मानेच्या मणक्यांतून जातात. धडकेनंतर त्या मानेला झटका देणं जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांनी हाड ठीक आहे असं सांगितलं की गळ्यातला पट्टा लवकर सोडा. पट्ट्यात मान सुरक्षित वाटते, पण आतले स्नायू सुस्तावतात. दिवसभरात तास-दीड तासानं बसल्या जागी मान हळूच डावीकडे, उजवीकडे वळवा, दहा-दहा वेळा, दुखणं सुरू होईल तिथपर्यंतच. जास्त दुखत असेल तर हेच आडवं पडून करा. एकच उशी पुरे, आणि पोटावर झोपू नका.

मग आतले स्नायू जागे करायचे. उताणं झोपा आणि "होय" म्हणतो तशी मान अगदी बारीक हलवून हनुवटी आत घ्या. डोकं उचलायचं नाही. दहा सेकंद धरा, दहा वेळा करा. गळ्याच्या बाजूचे जाड स्नायू ताठ झाले तर जोर जास्त लागतोय असं समजा. पुढं खांद्याची पाती मागं-खाली ओढून धरायचा सराव.

चक्कर येणाऱ्यांना मी आणखी एक देते. टोपीला छोटा लेझर टॉर्च बांधा आणि भिंतीपासून 90 सेंटिमीटरवर बसा. प्रकाशाचा ठिपका कुठं पडला तिथं खूण करा, डोळे मिटा, मान वळवून परत मधोमध आणा आणि डोळे उघडा. ठिपका खुणेपासून सातेक सेंटिमीटरच्या बाहेर पुन्हापुन्हा जात असेल तर मानेची दिशेची जाण बिघडली आहे आणि तिला हाच सराव लागतो. घरात लहान मुलं असतील तर लेझर त्यांच्या डोळ्यांवर पडू देऊ नका.

आता कामाचं. फिजिओला फक्त "कुठं दुखतंय" सांगू नका, काम करून दाखवा. सीएनसी मशीनवाला दिवसभर बटणांच्या पॅनेलकडं आणि जॉब (घडवायचा तुकडा) धरणाऱ्या चककडं मान वळवतो, शिवाय जॉब उचलतो. विणकर तुटलेला धागा शोधत मान खाली घालून मागावर वाकतो. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला मागं ट्रॉलीकडं सतत बघावं लागतं. तिघांची मान एकच, पण तयारी वेगळी. ट्रॅक्टरवाल्याला पूर्ण वळणं आधी यायला हवं, विणकराला मागाची उंची किंवा बसायची फळी बदलावी लागते. दुचाकीवर परत बसण्याआधी गाडी स्टँडवर लावून बसा, हेल्मेट घाला आणि दोन्ही खांद्यांवरून मागं बघा. अडखळत असाल तर अजून बसनं जा. अपघातात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका.

सुपरवायझरला "हलकं काम द्या" म्हणून उपयोग होत नाही, कारण हलकं म्हणजे काय हे जो तो आपल्या सोयीनं ठरवतो. मी चिठ्ठीत स्पष्ट लिहिते: दोन आठवडे अर्धी शिफ्ट, 5 किलोच्या वर उचलायचं नाही, डोक्यावर हात नेऊन काम नाही, ग्राइंडिंग नाही, तासाला पाच मिनिटं उठायला सूट, ओव्हरटाइम नाही. दोन आठवड्यांनी चिठ्ठी बदलते. किती वाढवायचं हे ठरवायला सोपा नियम आहे: कामानंतर दुखणं थोडं वाढलं आणि सकाळपर्यंत पूर्वीच्या जागी आलं तर ठीक. सकाळीही तसंच असेल तर कालच्यापेक्षा कमी करा, पण बंद करू नका.

ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर कामावर जाता-येता झालेला अपघातही त्यात धरला जाऊ शकतो, त्यामुळे पहिल्या दिवसाचे हॉस्पिटलचे कागद जपा.

बरेच जण पहिल्या तीन महिन्यांत चांगले सुधारतात. त्यापुढंही झोप लागत नसेल, त्या रस्त्यावरून जाताना छातीत धडधडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या भीतीनं मानेचं दुखणं लांबतं आणि त्यावरही उपचार आहेत.

आणि बायकांसाठी. कारखान्यातून सुट्टी मिळते, घरातून मिळत नाही. वैनी "मी घरीच असते" म्हणतात आणि नळाला पाणी आलं की घागर उचलतात, भाकऱ्या थापतात, नातवाला कडेवर घेतात. अशा बाईसोबत मी नवऱ्याला किंवा सासूबाईंना बोलावते आणि घरासाठीही तशीच चिठ्ठी देते: घागर नाही, पाणी तांब्यानं किंवा अर्ध्या बादलीनं, कणीक दुसऱ्यानं मळायची, ओट्यावर काम करताना भांडं छातीजवळ, नातवाला आपण बसल्यावर मांडीत घ्यायचं. दोन आठवड्यांनी तीही बदलायला घेऊन या.