प्लॅटफॉर्म शून्य: जीपीयू प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी

जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर, प्रोग्रामिंग शिकायचं म्हणून मी सगळ्यात आधी सीएलइन्फो ही कमांड चालवली; मशीनमध्ये वापरता येईल असा जीपीयू दिसतो का, ते ती सांगते. उत्तर आलं, 'नंबर ऑफ प्लॅटफॉर्म्स 0'. सेकंडहँड लॅपटॉप, आत इंटेलचं यूएचडी 620 ग्राफिक्स, परभणीतली मोंढ्याजवळची खोली आणि रात्रीचे साडेअकरा. मला वाटलं, आपल्या मशीनमध्ये जीपीयूच नाही. होता. त्याचा ओपनसीएल (वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपांवर प्रोग्राम चालवायचं खुलं मानक) ड्रायव्हर टाकलेला नव्हता, आणि तो टाकल्यावरही उबुंटूमध्ये माझा युजर जीपीयू वापरायची परवानगी देणाऱ्या 'रेंडर' ग्रुपमध्ये नव्हता. दोन कमांडींच्या कामाला तीन दिवस गेले. तेव्हा शून्य दिसलं की लगेच नवीन लॅपटॉपसाठी घरी पैसे मागू नका.

एनव्हिडियाची जीपीयू प्रोग्रामिंगची स्वतःची व्यवस्था म्हणजे कुडा; पण त्यांचं कार्ड परवडत नव्हतं, म्हणून मी ओपनसीएलकडे गेलो. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. नांदेडला होस्टेलवर असलेल्या मित्राकडे गेमिंग लॅपटॉप होता. तो म्हणायचा, "लेका, कुडा शिक की. ते ओपनसीएल कोण विचारायलंय?" नोकरीपुरतं त्याचं बरोबर होतं, खिशापुरतं माझं.

एनव्हिडियाने कुडा 2007 मध्ये बाजारात आणलं. फुकट मिळतं, पण चालतं फक्त त्यांच्याच चिपवर. ओपनसीएलची सुरुवात ॲपलने केली, मग ते क्रोनोस ग्रुप या संघटनेकडे गेलं आणि डिसेंबर 2008 मध्ये त्याची पहिली आवृत्ती ठरली. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, मोबाइलच्या चिपा, सगळ्यांवर एकच कोड चालावा हा त्यामागचा विचार. कुडामध्ये कर्नल, म्हणजे जीपीयूवर चालणारं फंक्शन, सुरू करायला एक ओळ लागते. ओपनसीएलमध्ये आधी प्लॅटफॉर्म शोधा, मग डिव्हाइस, कॉन्टेक्स्ट, क्यू, प्रोग्राम बिल्ड करा, एकेक आर्ग्युमेंट हाताने द्या. दोन रांगांची बेरीज करायला माझ्या शंभरेक ओळी झाल्या होत्या. तेव्हा वैताग आला. पण कुडा पडद्याआड काय काय उरकतं, ते या शंभर ओळींनीच दाखवलं.

खरं शिकायचं असतं ते मेमरीचं गणित, आणि ते मला मोंढ्यामुळे कळलं. आमचे अण्णा अडतीवर मुनीम होते. गोदामात शंभर हमाल आहेत आणि फाटक एकच बैलगाडी जाईल एवढं, तर हमाल वाढवून काय उपयोग? एनव्हिडियाच्या टी4 कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला सुमारे 320 गिगाबाइट डेटा पुरवते. कॉम्प्युटरच्या रॅममधून त्या कार्डापर्यंत जाणारं फाटक, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस, सुमारे 16 गिगाबाइटचं. वीसपट फरक. माझा पहिला प्रयोग सोयाबीनच्या पानांच्या फोटोंवर फिल्टर लावायचा होता. एकेक फोटो कार्डावर पाठवायचा, फिल्टर लावायचा, परत आणायचा. सीपीयूपेक्षाही हळू चालला. सगळा वेळ फाटकावर जात होता. आणि हमालांनी शेजारशेजारची पोती उचलली तर थप्पी भराभर उतरते. प्रत्येकाने वेगळ्या थप्पीला हात घातला तर नुसता गोंधळ. थ्रेड म्हणजे जीपीयूवरचा एकेक हमाल; शेजारच्या थ्रेडने शेजारचाच डेटा उचलावा, हा नियम कुडात असो की ओपनसीएलमध्ये, सारखाच.

खुल्या मानकातला कोड कुठल्याही चिपवर बरोबरच उत्तर देतो, हा माझा गैरसमज एका बेरजेने मोडला. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर वेळा 1 घेऊन बेरीज करायची होती, उत्तर 10,48,576 यायला हवं. जुन्या कुडा ट्युटोरियलमधली युक्ती मी ओपनसीएलमध्ये आणली होती: शेवटचे 32 थ्रेड उरले की 'थांबा, सगळे येऊ द्या' हा बॅरियर काढून टाकायचा, कारण एनव्हिडियाच्या चिपवर 32 थ्रेडचा जथा एका पावलाने चालतो. मित्राच्या जीटीएक्स 1050 वर उत्तर चोख. माझ्या इंटेलवर दरवेळी वेगळं आणि दरवेळी कमी. इंटेलचा कंपायलर तो जथा 8, 16 किंवा 32 चा ठरवतो. माझ्या कर्नलसाठी त्याने 16 चा ठरवला होता. एएमडीच्या जुन्या चिपांवर तो 64 चा असतो. गंमत म्हणजे 2017 च्या व्होल्टा पिढीपासून एनव्हिडियाच्याच चिपांवरही ही युक्ती चालत नाही, सिंक (थ्रेडनी एकमेकांसाठी थांबणं) स्पष्ट लिहावं लागतं. बॅरियर परत घातला, बेरीज जुळली. कोड सगळीकडे चालतो हे खरं, पण डोक्यातली गृहीतकं एकाच कंपनीची असली तर उत्तर चुकतं. वेगाचं तर सोडूनच द्या, प्रत्येक चिपसाठी थ्रेडच्या ग्रुपचा आकार नव्याने जुळवावा लागतो.

मानक खुलं असलं तरी ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याच्याच हातात. ज्या ॲपलने ओपनसीएल सुरू केलं, त्यांनीच 2018 मध्ये ते जुनं ठरवून आपल्या मेटल या स्वतःच्या व्यवस्थेकडे जा म्हणून सांगितलं. 2020 च्या ओपनसीएल 3.0 ने दुसऱ्या आवृत्तीतल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक करून टाकल्या, कारण त्या सगळ्यांनी केल्याच नव्हत्या. उलट कुडाची ताकद भाषेत कमी आणि सोबतच्या लायब्ररींत जास्त. कुब्लास (मॅट्रिक्सच्या गणितासाठी), कुडीएनएन (न्यूरल नेटवर्कसाठी) वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेल्या आहेत. त्या सोडून जाणं जड जातं, कंपनीला ते पक्कं माहीत आहे.

पण म्हणून दुसरीकडे काहीच नाही असंही समजू नका. अमेरिकेतले फ्रंटियर आणि एल कॅपिटन हे महासंगणक एएमडीच्या जीपीयूवर चालतात. एएमडीची हिप ही भाषा कुडासारखीच दिसते, हिपिफाय हे टूल कुडाचा बराच कोड तिच्यात बदलून देतं. पायटॉर्च ही एआयसाठीची लायब्ररी एएमडीवर चालवली तरी डिव्हाइसचं नाव 'कुडा'च लिहावं लागतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कार्ड तपासायला उठलो होतो.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत एक फजिती झाली. मी सांगितलं, वेग वाढवायला डेटा लोकल मेमरीत ठेवला. समोरचे सर म्हणाले, "मग तर हळू व्हायला पाहिजे." ओपनसीएलमध्ये लोकल मेमरी म्हणजे ग्रुपने मिळून वापरायची चिपवरची वेगवान जागा, कुडात तिला शेअर्ड म्हणतात. कुडात लोकल म्हणजे एका थ्रेडचा रजिस्टरमध्ये (चिपवरच्या त्याच्या अगदी हाताशी असलेल्या छोट्या जागेत) न मावलेला डेटा, आणि त्याची जागा असते चिपबाहेरच्या संथ मेमरीत. कागदावर चित्र काढलं तेव्हा सर हसले. कुडातल्या थ्रेडला ओपनसीएलमध्ये वर्क-आयटम, ब्लॉकला (थ्रेडच्या ग्रुपला) वर्क-ग्रुप, अशी जोडनावं मुलाखतीआधी वहीत लिहून काढा. मी नंतर काढली.

मला कुणी विचारलं तर सांगतो: आहे त्या लॅपटॉपवर महिनाभर ओपनसीएल करा. जीपीयू दिसतच नसेल तर पीओसीएल टाका, ते ओपनसीएलचा कोड सीपीयूवर चालवतं; वेग मिळत नाही पण कोड तपासता येतो. माझ्यासारखी जुनी इंटेल चिप असेल तर आता इंटेलचं जुन्या चिपांसाठीचं वेगळं पॅकेज शोधावं लागेल. मग पोटापाण्यासाठी कुडा शिका, संकोच नको. फक्त 'कुडा' या नावाने सुरू होणारी फंक्शनं सगळ्या फायलींत पसरू देऊ नका, एका फाइलीत कोंडून ठेवा.

कुडासाठी गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून गूगलच्या मशीनवर कोड चालवायची सेवा) फुकटात टी4 मिळतो, बहुतेक वेळा. पण मे महिन्यात दुपारी आमच्याकडे लाइट जाते, वायफाय बसतं, सेशन तुटतं आणि तिथल्या फायली जातात. त्या गूगल ड्राइव्हवर टाकायची सवय मला दोनदा सगळं गेल्यावर लागली. लॅपटॉपवरच्या वेगाचे आकडेही दुपारचे धरू नका. बेचाळीस डिग्रीत चिप तापून स्वतःच हळू होते आणि तुम्ही कर्नलला दोष देत बसता. मी मोजणी पहाटे पाचला करायचो, अण्णा मोंढ्यात जायला उठायचे तेव्हा.