तुटणाऱ्या अक्षरांचा दोष मी कसा दूर केला
मोठा मराठी मजकूर भाषा मॉडेलला देण्यापूर्वी मी त्याचे ठरावीक टोकनसंख्येचे (टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या छोट्या घटकांत वाचते तो एक घटक) तुकडे पाडत असे, आणि प्रत्येक तुकडा पुन्हा मजकुरात बदलला की कडेला अक्षराऐवजी काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह दिसे. ‘पक्षी’ हा एकच शब्द तपासला तेव्हा कारण उलगडले: यूटीएफ-८ या, अक्षरे संगणकात बाइटांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे प, क, हलंत, ष आणि दीर्घ वेलांटी मिळून १५ बाइट होतात, आणि बाइटांवर चालणारा टोकनायझर (मजकुराची टोकने पाडणारा प्रोग्राम) एखाद्या चिन्हाच्या पोटातूनही शब्द तोडू शकतो. जोडाक्षर ही कल्पनाच त्याच्यापाशी नसते, हे मराठीत काम करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावे. मग मी मजकूर वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामावर तोडू लागलो आणि टोकन केवळ लांबी मोजण्यापुरते वापरले. त्यानंतर एकही अक्षर फुटले नाही.