बीपी, अल्डोस्टेरॉन आणि ॲड्रिनलची गाठ: या चुका टाळा

किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे हार्मोन गरज नसताना येत राहिलं की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं आणि बीपी तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही. 1955 मध्ये जेरोम कॉन यांनी हा आजार मांडला म्हणून याला कॉन सिंड्रोम म्हणतात. पहिली तपासणी अगदी साधी, रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (किडनीतून येणारं, अल्डोस्टेरॉन सोडायला सांगणारं) बघायचं आणि अल्डोस्टेरॉनला रेनिनने भागून रेशो काढायचा, तो वाढलेला आला की संशय घ्यायचा. साधी आहे म्हणूनच बहुतेक जण ती कशीही उरकतात.

माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे वय न बघता रिपोर्ट वाचणं. अहो, 28 वर्षांच्या मुलीचा आणि 68 वर्षांच्या आजोबांचा रेशो सारखा आला म्हणून आजार सारखा होत नाही. वयाबरोबर रेनिन आपोआप कमी होत जातं, म्हणजे भागाकारात खालचा आकडा लहान झाला की रेशो फुगणारच. त्यात ग्रंथीही बदलते. तरुणपणी अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींचा बाहेरून एक सलग थर असतो, वय वाढतं तसा तो विरळ होतो आणि त्याच्या जागी या पेशींचे बारीक बारीक पुंजके तयार होतात, जे रेनिनचं न ऐकता स्वतःच्या मर्जीने हार्मोन सोडतात. हे पुंजके सीटीत दिसत नाहीत. 2017 मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी किडनीदात्यांच्या ॲड्रिनल तपासल्या तेव्हा वयाबरोबर होणारा हाच बदल दिसला होता.

सीटीत काय दिसतं? तर निरुपद्रवी गाठी. उतारवयात ॲड्रिनलमध्ये एखादी गाठ सापडणं हे केस पिकण्याइतकं नॉर्मल नसलं तरी फार दुर्मिळही नाही, आणि त्यातल्या बऱ्याचशा गाठी काहीही हार्मोन बनवत नाहीत.

एक काका आले होते, पासष्टी ओलांडलेले, पोटॅशियम कायम कमी, रेशो वाढलेला, डावीकडे सीटीत छान गोल गाठ आणि एका हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीखसुद्धा घेऊन झालेली. सोबत मुलगा, त्याला भयंकर घाई. "डॉक्टर, गाठ समोर दिसतेय ना, मग काढून टाकू, उगाच आणखी टेस्ट कशाला?" मी म्हटलं गाठ दिसतेय, पण अल्डोस्टेरॉन तीच सोडतेय हे कुठे दिसतंय? बऱ्याच वादावादीनंतर व्हेन सॅम्पलिंगला तयार झाले, म्हणजे जांघेतून कॅथेटर घालून दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांमधलं रक्त वेगवेगळं घ्यायचं. रिपोर्ट आला तर सगळं अल्डोस्टेरॉन उजवीकडून, जी बाजू सीटीत स्वच्छ होती! गाठ असलेली डावी ग्रंथी बिचारी दबून गप्प बसलेली. डावी काढली असती तर चांगली ग्रंथी गेली असती आणि आजार तसाच राहिला असता. शेवटी उजवी काढली, पोटॅशियमच्या गोळ्या बंद झाल्या, बीपीची एक गोळी चालू आहे, त्या वयात ती बऱ्याचदा राहतेच.

सॅम्पलिंग कटकटीचं आहे हे मान्य. उजवी शीर आखूड असते, थेट मोठ्या शिरेत उघडते, नवख्या हाताला सापडत नाही. म्हणून ज्याला याचा सराव आहे त्याच्याकडेच पाठवा. सॅम्पलिंग टाळायची सूट साधारण पस्तिशीच्या आतल्यांना, तीही पोटॅशियम कमी, अल्डोस्टेरॉन भरपूर आणि एकाच बाजूला स्पष्ट गाठ असेल तर. साठीच्या माणसाला ही सूट लावू नका.

दुसरं म्हणजे जीन टेस्टचं नवीन फॅड. कुठेतरी वाचतात की 2011 मध्ये केसीएनजे5 नावाच्या जीनमधलं म्युटेशन सापडलं आणि लगेच महागडं पॅनल करून येतात. बाबांनो, ते म्युटेशन बहुतेक वेळा फक्त गाठीच्या पेशींत असतं, रक्ताच्या टेस्टमध्ये ते सापडणारच नाही आणि मुलांनाही जाणार नाही. हे जास्त करून तरुणांमध्ये आणि बायकांमध्ये दिसतं, वयस्कर पुरुषांच्या गाठींत दुसरीच जीन्स निघतात. रक्तातून जीन टेस्ट कधी? विशीच्या आत आजार निघाला, घरात आणखी कुणाला हाच आजार आहे किंवा कुणाला चाळिशीच्या आत स्ट्रोक झालाय, तर जरूर करा. घराण्यात चालणाऱ्या एका प्रकारात दोन शेजारची जीन्स एकमेकांत जोडली जातात आणि तिथे स्टेरॉइडच्या लहान डोसवर बीपी उतरतं, म्हणजे टेस्टचा खरंच उपयोग होतो. नुसतं "आमच्याकडे सगळ्यांनाच बीपी आहे" एवढ्यावर नको.

गोळ्यांबद्दल: स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी गोळी) चालू असेल तर साधारण चार आठवडे बंद ठेवून टेस्ट करतात, पण डॉक्टरला विचारून, स्वतःच्या मनाने नाही. मेटोप्रोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या रेनिन खाली आणतात, म्हणजे रेशो खोटा वाढतो. टेल्मिसार्टन, हेही बीपीचंच औषध, उलटं करतं, म्हणजे रेनिन वाढवतं, पण ते चालू असूनही रेनिन दबलेलंच असेल तर संशय उलट पक्का होतो, मग मी ते बंद करायच्या भानगडीत पडत नाही.

ज्येष्ठमध! घसा बसला की काड्या चघळायच्या, काढ्यात टाकायचा, आणि विचारलं की "औषध काही घेत नाही". रोज भरपूर घेतला तर बीपी वाढतं, पोटॅशियम पडतं, हुबेहूब कॉनसारखं, फक्त अल्डोस्टेरॉनही कमी निघतं. म्हणून मी आता सरळ नाव घेऊनच विचारतो.

पोटॅशियम कमी असताना टेस्ट करू नका, आधी भरून काढा, नाहीतर अल्डोस्टेरॉन खोटं कमी येतं. आणि पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून आजार नाही असंही नाही, निम्म्याहून जास्त पेशंट्सचं नॉर्मलच असतं.

टेस्टच्या आधी मीठ तोडू नका. अंथरुणातून उठून दोन तास तरी झालेले असू देत, मग थोडा वेळ बसून रक्त द्या. रक्त देताना मूठ उघड-मीट करू नका, पोटॅशियम खोटं वाढतं. रेनिनचं सॅम्पल बर्फात ठेवू नका, गारठ्यात रेनिनचा आकडा वाढतो आणि आजार निसटतो.

आणि युनिट बघा. रेशोचा 30 हा नेहमीचा कटऑफ रेनिन ॲक्टिव्हिटीसाठी (रेनिन किती काम करतं ते मोजणारी टेस्ट) आहे, बऱ्याच लॅब आता डायरेक्ट रेनिन (रेनिन किती आहे ते थेट मोजून) देतात, तिथे तो चालत नाही.