झोतवारा दक्षिणेकडे झुकल्यावर द्राक्षबागेची काळजी

निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा अचानक कोसळतो, तेव्हा त्याचे कारण बहुधा जमिनीपासून सुमारे 12 किलोमीटर उंचीवर असते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारा पश्चिमी झोतवारा (जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून वेगाने वाहणारा वाऱ्याचा अरुंद पट्टा) अनेकदा ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेग घेतो. त्याचे नागमोडी वळण दक्षिणेकडे खोल झुकले की पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणाली) बळावून काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात, आणि ते पूर्वेकडे सरकल्यावर त्यांच्या मागची थंड, कोरडी हवा राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून खानदेश-नाशिकपर्यंत उतरते. त्यातच आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते व सखल शिवारात गारठा साचतो. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडमध्ये पारा 2 अंशांखाली गेला होता.

अमेरिकेतील ध्रुवीय भोवऱ्याच्या (ध्रुवाभोवती फिरणाऱ्या अतिथंड हवेच्या) बातम्यांवरून आपल्या बागेचा अंदाज बांधू नये. आपल्याला हवामान विभागाच्या झंझावाताच्या सूचना अधिक उपयोगी आहेत. झंझावात जात असताना ढगाळ हवेमुळे किमान तापमान उलट वाढते. याच उबदार रात्री बागायतदार निर्धास्त होतात, हे सर्वांत धोक्याचे वाटते, कारण आभाळ मोकळे झाल्यावर एक-दोन रात्रींतच पारा घसरू शकतो. ढगाळ दिवसांतच तयारी पूर्ण करावी.

पांढऱ्या जातींमध्ये मण्यांत पाणी उतरण्याच्या (मणी मऊ होऊन पिकू लागण्याच्या) सुमारास दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा मोठा फरक पडल्यास मणी गुलाबी होतात व निर्यातीचा माल हातचा जातो. म्हणून पाणी उतरण्यापूर्वीच घडांना कागद लावून घ्यावा. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असल्याने थंडीच्या रात्री उशिरा किंवा पहाटे ठिबकने हलके पाणी द्यावे, जेणेकरून ओलसर जमीन उष्णता धरून ठेवील. मात्र ताण दिलेल्या (पाणी तोडलेल्या) बागेला एकदम भरपूर पाणी देऊ नये, त्याने मणी तडकतात. पहाटे बागेत ओलसर काडीकचरा पेटवून धूर करण्याची पद्धत वारा पडलेला असतानाच थोडी उपयोगी ठरते. तिच्यावर एकट्यावर विसंबू नये. थंडीत भुरीचा (पांढऱ्या बुरशीच्या रोगाचा) प्रादुर्भावही वाढतो, त्यामुळे घडांच्या आतील बाजूची रोज पाहणी करावी.

जळगावकडील केळी बागायतदारांनी उत्तरेकडील वारा अडवणारे कुंपण दुरुस्त करून घड स्कर्टिंग बॅगेने (घडावर चढवायच्या पिशवीने) झाकावेत.