कंट्री पार्कातला दिवस, खिशाला चाट न लावता

ब्रिटनमधल्या बहुतेक कंट्री पार्कांत, म्हणजे शहराजवळच्या मोकळ्या, रानासारख्या सार्वजनिक पार्कांत, आत जायला पैसे पडत नाहीत. तरीही संध्याकाळी चौघंजण घरी परततात तेव्हा पाकीट हलकं झालेलं असतं, आणि पैसे नेमके कशावर गेले हे कुणालाच धड सांगता येत नाही. पार्किंग, कॅफेतल्या दोन कॉफ्या, मुलांना चिप्स, निघता निघता आइस्क्रीमची गाडी. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं आमचं दरवेळी हेच व्हायचं. मग एकदा घरी बसून हिशेब मांडला तेव्हा कळलं की पार्कात पैसे जातच नाहीत, जातात ते पार्किंगमध्ये आणि भुकेत. ही दोन भोकं बुजवली की उरलेला दिवस जवळजवळ फुकटात पडतो.

पहिलं काम: जमीन बघून पार्क निवडा

फोटो बघून पार्क निवडू नका, फोटोत सगळीच पार्कं सुंदर असतात. त्या जागी आधी काय होतं ते शोधा. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलांना, म्हणजे स्थानिक पालिकांना, अशी पार्कं उभारायचा अधिकार दिला. घरोघरी मोटारी आल्या होत्या आणि शहरातली माणसं रविवारी मिळेल तिथे गावाकडे धावत होती. त्यांना शहराजवळच मोकळी जागा, गाडी लावायची सोय आणि संडास मिळावेत, असा विचार त्यामागे होता. अशी जागा पुष्कळदा टाकून दिलेल्या जमिनीवरच सापडली. विरल कंट्री पार्क १९७३ साली उघडलं, ते ब्रिटनमधलं पहिलं. ते आहे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर, आणि तिथलं हॅडलो रोड स्टेशन अजून जुन्या थाटात जपून ठेवलंय. लेस्टरजवळचं वॉटरमीड वाळू-खडीच्या खाणींतून तयार झालं, तर नॉर्थॅम्प्टनशरमधलं इर्चेस्टर लोखंडाच्या दगडाच्या खाणीतून.

हा इतिहास कामाचा आहे. जुना रेल्वेमार्ग म्हणजे सपाट, सरळ वाट, तेव्हा बाबागाडी, छोट्या सायकली आणि गुडघे दुखणारी आजी यांच्यासाठी ते उत्तम. खडीची खाण म्हणजे आता तळी आणि पक्षी. वाट सपाट असते, पण पाणी जवळ, म्हणून धावणाऱ्या तीन वर्षांच्या मुलामागे एक माणूस कायम हवा. दगडाची खाण असेल तर चढउतार आले. दहा वर्षांच्या पोराला ते आवडेल, बाबागाडीला नाही. आणि जुन्या सरदारांची इस्टेट असेल, उदाहरणार्थ लेस्टरशरमधलं ब्रॅडगेट, तर हरणं, टेकड्या आणि पडके वाडे. ब्रॅडगेटमधलं पडकं घर लेडी जेन ग्रेच्या घराण्याचं. १५५३ मध्ये अवघे नऊ दिवस राणी झालेली हीच ती मुलगी. मुलांना एवढी गोष्ट गाडीतच सांगून ठेवा, मग त्या विटांपाशी ती आपणहून थांबतात.

दुसरं काम: जायचं कसं, याचं गणित घरी करा

बस स्वस्त, हा समज एकदा कागदावर तपासून बघा. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून बसच्या एकेरी तिकिटाला तीन पाउंडांची मर्यादा आहे. दोन मोठी माणसं, जाऊन-येऊन, म्हणजे बारा पाउंड. शिवाय मुलांचं वेगळं. एवढ्यात कितीतरी कंट्री पार्कांत दिवसभराचं पार्किंग होतं. म्हणून बसने जाणार असाल तर त्या कंपनीचं दिवसभराचं कौटुंबिक तिकीट आहे का, ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी असतं आणि ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं.

पार्काजवळ स्टेशन असेल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डचा विचार करा. मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलांच्या भाड्यात ६० टक्के. पाच वर्षांखालच्यांना रेल्वेत तसंही भाडं नसतं. वर्षातून तीन-चार सहली केल्या तरी कार्डाचे पैसे निघतात.

गाडीने जाणार असाल तर कौन्सिलच्या वेबसाइटवर पार्किंगचं पान उघडा आणि तीन गोष्टी बघा. दर तासावर आहे की दिवसावर? तासांचे टप्पे असतील तर आपण कुठल्या टप्प्यात बसतो? बहुतेकदा चार तासांच्या पुढे थेट दिवसभराचा दर लागतो, तेव्हा चार तास दहा मिनिटं थांबणं हा निव्वळ तोटा. आणि पैसे कशाने भरायचे? कित्येक मशीनं आता नाणी घेत नाहीत, आणि झाडीत मोबाइलला रेंज नसते. ॲप घरीच उतरवून गाडीचा नंबर आणि कार्ड त्यात भरून ठेवा. एकाच पार्कात वारंवार जात असाल तर वार्षिक पास विचारा. दिवसाच्या दराने पासाच्या किमतीला भागलं की किती फेऱ्यांत तो वसूल होतो ते लगेच कळतं. आमचा सहाव्या फेरीला वसूल झाला.

पार्किंग वाचवायला शेजारच्या गावातल्या गल्लीत गाडी लावायचा मोह मात्र आवरा. लोकांच्या दारासमोर अडचण होते, आणि दंड झाला तर वर्षभराची बचत एका फटक्यात जाते.

तिसरं काम: फाटक कधी बंद होतं ते बघा

हे मी धडा शिकून सांगतेय. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता आणि त्याच दिवशी घड्याळं एक तास मागे गेली होती. आम्ही तळ्याभोवती निवांत चक्कर मारून साडेचारच्या सुमारास परतलो, तर कुलूप हातात घेऊन रेंजर, म्हणजे पार्काचा राखणदार, आमच्याच गाडीपाशी उभा. फाटकाशेजारच्या पाटीवर वेळ स्पष्ट लिहिली होती, आम्हीच ती वाचली नव्हती. तो भला माणूस हसला, पण पाच मिनिटं उशीर झाला असता तर चार माणसांना टॅक्सीने घरी यावं लागलं असतं आणि सगळी काटकसर पाण्यात गेली असती.

पार्कातली वेळ बहुतेकदा ‘सूर्यास्तापर्यंत’ अशी असते, आणि इथला सूर्यास्त फार पळतो. जूनमध्ये लंडनला रात्री नऊ वाजून गेल्यावर, डिसेंबरात चारच्याही आधी. तेव्हा हिवाळ्यात सकाळी दहाला पोचून दुपारी दोनला निघायचा बेत आखा. उन्हाळ्यात उलट करा: सुट्टीच्या दिवशी अकरा ते तीन पार्किंगला रांग असते, म्हणून दुपारी तीननंतर जा. गर्दी ओसरलेली असते, ऊन नरम आलेलं असतं, आणि काही ठिकाणी संध्याकाळी पार्किंगही स्वस्त असतं.

चौथं काम: डबा, आणि तो कधी उघडायचा

डबा सगळेच नेतात. तरी कॅफेत पैसे जातात, कारण डबा एक वाजता उघडायचा ठरलेला असतो आणि मुलांना भूक साडेअकराला लागते. तेवढ्या वेळात कॅफेचा दरवाजा उघडा असतो आणि आतून टोस्टचा वास येत असतो. यावर माझा उपाय साधा आहे: डब्याचे तीन भाग. गाडीतून उतरल्या उतरल्या हातात काहीतरी द्यायचं, केळं किंवा तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी. मग साडेअकरा-बाराला खरं जेवण. आणि शेवटचा भाग लपवून ठेवायचा, परतीच्या वाटेवर आइस्क्रीमची गाडी दिसते त्या क्षणासाठी.

खरं जेवण असं हवं की ते एका हाताने, उभ्या उभ्या खाता येईल, कारण बाक मोकळा मिळेलच असं नाही आणि गवत ओलं असतंच. पोळीत बटाट्याची सुकी भाजी घालून केलेली घट्ट गुंडाळी, फॉइलमध्ये अर्धी झाकलेली. दशम्या तर याच कामासाठी जन्मल्या आहेत: दुधात भिजवलेल्या, दुसऱ्या दिवशीही मऊ. रस्सा, आमटी, दही घरी ठेवा. चिवड्याचा डबा मोठा न्या, पण बदकांना तो टाकू नका. पावही नको. दोन्ही त्यांच्या पोटाला बरे नाहीत. फ्रीजरमधले मटार किंवा मक्याचे दाणे एका पिशवीत नेले तर मुलांना हवं ते खायला घालण्याचं सुख मिळतं आणि बदकांचंही भलं होतं. पार्कात ‘खायला घालू नये’ अशी पाटी असेल तर मात्र तेही नाही.

चहाचा थर्मास विसरू नका. दोन कपांचे पैसे वाचतात हे खरंच, पण ओल्या थंडीत आजी-आजोबांचं मन ठिकाणावर ठेवतो तो चहाच.

एवढं करून कॅफेत जायचंच असेल तर ठरवून जा. वर्षातून दोनदा केक खाणं हा खर्च मला चालतो. ‘अरे, भूक लागलीच होती’ म्हणून झालेला चालत नाही.

पिशवीत काय

प्रत्येकाचा एक जास्तीचा मोज्यांचा जोड. मुलांची एक जास्तीची पँट. ओले बूट ठेवायला मोठी प्लास्टिकची पिशवी. जुनी सतरंजी, आणि ती ओली होऊ नये म्हणून खाली घालायला कचऱ्याची पिशवी फाडून. छत्री नको, वाऱ्यात ती उलटी होते; टोपीचा रेनकोट घ्या. वेलिंग्टन, म्हणजे रबरी बूट, नवे घेऊ नका. मुलांचे पाय सहा महिन्यांत वाढतात, आणि चॅरिटी शॉपमध्ये (वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात) जवळपास न वापरलेले जोड दोन-तीन पाउंडांत मिळून जातात.

पाचवं काम: मुलांना नुसतं चालवू नका

‘चला, फिरायला जाऊ’ म्हटलं की मुलांचे पाय दहाव्या मिनिटाला दुखू लागतात. त्यांना काम द्या. आमच्याकडे सगळ्यात चाललेलं काम म्हणजे झाडाचं वय काढणं. मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर ढोबळमानाने वर्षाला अडीच सेंटीमीटर वाढतो, दाट रानात साधारण त्याच्या निम्म्याने. घेर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजायचा. मोजपट्टी नसेल तर मिठी मारायची, कारण दोन्ही हात पसरले की माणसाची लांबी जवळजवळ त्याच्या उंचीएवढी भरते. माझ्या मुलीची उंची तेव्हा १२० सेंटीमीटर होती. माळावरच्या एका ओकला तिच्या अडीच मिठ्या लागल्या, म्हणजे ३०० सेंटीमीटर. भागिले अडीच, १२० वर्षं. ‘पणजीपेक्षा म्हातारं’ असं म्हणत ती पुढच्या झाडाकडे पळाली, आणि दोन मैल चालली हे तिला कळलंच नाही.

ऋतूप्रमाणे बाकीचं सापडतं. एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत रानात ब्लूबेलच्या फुलांची निळाई असते. वाट सोडून त्यात शिरू नका, तुडवलेली रोपं सावरायला वर्षं लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात ब्लॅकबेरी. रानफळं घरी खाण्यापुरती तोडणं ही चोरी धरली जात नाही, पण पार्काचा स्वतःचा नियम फाटकावर वाचून घ्या. कुत्री जिथे पाय वर करतात त्या उंचीच्या वरची तोडा, एवढा माझा सल्ला. सप्टेंबर-ऑक्टोबरात कॉंकर, म्हणजे हॉर्स चेस्टनटच्या झाडाच्या चकचकीत तपकिरी बिया: खिसे भरतील, ते खायचे नसतात हे लहानांना आधीच सांगा.

शनिवारी सकाळी नऊला अनेक कंट्री पार्कांत पार्करन असतं, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाच किलोमीटर धावणं, फुकट, आणि चालत गेलं तरी चालतं. ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी काही ठिकाणी रविवारी दोन किलोमीटरचं असतं. एकदाच नाव नोंदवून बारकोड घ्यायचा.

काही गोष्टी सांभाळायच्याच

हरणांपासून ५० मीटर लांब राहा, फोटोसाठीसुद्धा पुढे सरकू नका. मे-जूनमध्ये पिल्लं असतात आणि शरद ऋतूत नर माजावर येतात. तळ्यात मुलांना उतरवू नका. जुन्या खाणीच्या पाण्याची खोली वरून कळत नाही आणि आत ते फार थंड असतं. बार्बेक्यू बहुतेक ठिकाणी बंद असतो, एकदा वापरून फेकायच्या ट्रेमधला तर नकोच. कचरापेटी भरलेली दिसली तर कचरा घरी आणा, पेटीशेजारी रचून ठेवू नका.

घरी आल्यावर

बूट आत वर्तमानपत्र कोंबून दारातच ठेवा, हीटरवर नको, रबर तडकतं. मग आंघोळीच्या वेळी मुलांच्या अंगावर गोचीड आहे का ते बघा: गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. दिसलीच तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सावकाश सरळ वर ओढायची. तेल, काडीपेटी असले उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला किंवा ताप आला तर जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, दाखवा आणि रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासा. आमच्या मशीनमधून एकदा चौदा कॉंकर निघाले होते.