मोगऱ्याचं फुलेल घरी कसं करावं

मे महिन्यात इंदुरात मोगरा उतरला की फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, करायचे दिवस आले. माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि त्यांना या तेलाखेरीज दुसरं काही लावावंसं वाटत नाही, म्हणून कृती नीट, सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी, मोगरा तेलात उकळायचा नाही. कढत तेलात त्याचा नाजूक वास करपून जातो आणि उरतो तो शिजलेल्या पाल्याचा. फुलेलात वास आधी तिळात मुरवतात, तेल नंतर काढतात. हे जमतं, कारण मोगरा, चमेली, निशिगंध ही फुलं खुडल्यावरही काही तास वास तयार करत राहतात आणि तिळातलं तेल तो ओढून घेतं. फ्रान्समधल्या ग्रास गावात हेच काम काचेवर चरबी फासून, तिच्यावर जाईची फुलं पसरून करत. उज्जैनच्या वराहमिहिरानं ६व्या शतकात गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध बनवण्याच्या कलेवर, लिहिताना चाफ्यासारखा वास येणाऱ्या तेलाची कृती दिली आहे. तीही चुलीवरची नाही, उन्हात तापवायची आहे. उज्जैन इथून ५५ किलोमीटरवर, त्यामुळे ते वाचून मला फार आपलेपणा वाटला.

तीळ पांढरे, सोललेले, न भाजलेले घ्या. मी सियागंजातून ५ किलो आणते. चाळून, निवडून दोन दिवस कडक उन्हात ठेवायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. काळे तीळ नकोत, त्यांचा स्वतःचाच वास दणकट असतो.

खरी मेहनत फुलांची. गजरे घेऊ नका, सुटी कळी वजनावर घ्या. राजवाड्याजवळच्या फुलवाल्याला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवते, ‘भैया, पानी मत मारना.’ ताजेपणासाठी शिंपडलेलं ते पाणी आपल्या तिळाचा नाश करतं. कळी टपोरी, शुभ्र आणि घट्ट मिटलेली हवी. टोक तपकिरी झालेली कळी कालची, ती परत द्या, लाजू नका. घरी आणल्यावर पंचावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. ५ किलो तिळाला रोज संध्याकाळी किलोभर कळी लागते. खर्च होतो, पण यात काटकसर केली तर शेवटी हातात नुसतं तिळाचं तेल येतं. आम्ही रामबागेतल्या तिघीचौघी मिळून करतो, म्हणजे प्रत्येकीला परवडतं.

दिवेलागणीला थर लावायला बसा. मोठ्या परातीत बोटभर तीळ, त्यावर कळ्या दाटीवाटीनं, पुन्हा तीळ, पुन्हा कळ्या, सगळ्यात वर तीळ. परात दोन-तीन लागतील. वरून धुतलेलं मलमल आणि त्यावर वेताची टोपली पालथी घालायची. गच्च झाकण नको, ओल कोंडते. कळी मिटलेलीच का, तर ती रात्री उमलते आणि उमलताना तिचा सगळा वास तिळालाच मिळावा म्हणून. शब-ए-मालवाचं, म्हणजे आमच्या माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक लोक उगाच करत नाहीत. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, दिवसभर कितीही भाजलं तरी रात्री वारा सुटतो आणि फुलं परातीत कोमेजत नाहीत. दमट गावात राहत असाल तर परातींवर रात्रभर हलका पंखा चालू ठेवा.

त्या खोलीत उदबत्ती, कापूर, फोडणी काही नको. तीळ जो वास मिळेल तो घेतात, कांद्याचासुद्धा.

सकाळी उन्हं यायच्या आत मोठ्या भोकांच्या चाळणीनं फुलं वेगळी करा. पाकळ्या राहिल्या असतील तर हातानं वेचा. तपकिरी पडलेल्या फुलाला आंबूस वास सुटतो आणि तो तिळात शिरला की निघत नाही. तीळ सावलीत सुती चादरीवर पसरा, संध्याकाळपर्यंत हाताला कोरडे लागले पाहिजेत. उन्हात ठेवाल तर रात्रीची सगळी कमाई उडून जाईल. मग पुन्हा नवी कळी, नवे थर. निदान ५ रात्री, जमलं तर ७. चिमूटभर तीळ तळहातावर चुरडून पाहा. आधी तिळाचा आणि लगेच मागून मोगऱ्याचा वास आला, की झालं.

तेल लाकडी घाण्यावरच काढा. तिथे आधी विचारा की आज काय काढलं. मोहरी निघाली असेल तर आल्या पावली परत फिरा. शेंगदाण्यानंतर चालतं, तिळानंतर उत्तम. तिळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, त्यातलं थोडं पेंडीत राहतं, म्हणून ५ किलोला २ लिटरच्या आसपास धरून चाला. पेंड मागून घ्या, बेसनात मिसळून अंगाला लावायला तिच्यासारखं दुसरं नाही.

काचेच्या बरणीत चार-पाच दिवस गाळ बसू द्या, वरचं निवळ तेल मलमलमधून गाळा आणि गडद बाटल्यांत अंधाऱ्या कपाटात ठेवा. तिळाचं तेल लवकर खवट होत नाही आणि इथल्या थंडीत खोबरेल बाटलीत दगड होतं तसं गोठत नाही.

लावायचं थोडंच. रात्री अर्धा चमचा तळहातांवर चोळून ऊब आणायची, आधी टोकांना, मग उरलेलं मुळांना. लाकडी फणीनं सावकाश विंचरून सैल वेणी. सकाळी शिकेकाईनं धुवा. कडक शाम्पूनं तेलाबरोबर वासही निघून जातो, शिवाय बोअरिंगच्या जड पाण्यातही शिकेकाई साबणासारखा साका धरत नाही. अंबाडा घालायच्या आधी वाळलेल्या केसांवर एक थेंब फिरवला तर तो संध्याकाळपर्यंत मान वळवली की जाणवतो. त्वचा नाजूक असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

पावसाळ्यात हीच कृती चमेलीनं होते, फक्त तीळ सुकायला जास्त वेळ द्या. सोनचाफा उग्र, त्याची फुलं निम्मी पुरतात. गुलाबाला ही पद्धत मानवत नाही. खुडल्यावर त्याचा वास उतरत जातो, त्याचं गुलाबपाणीच काढावं.