मधुमेहामुळे पायांच्या नसा खराब झाल्यात? काय करावं, कसं करावं

चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते कळतं. किंवा रात्री तळपायांची अशी आग होते की चादरही सोसवत नाही. दोन्हींच्या मागे बहुतेक एकच कारण असतं: बरीच वर्षं वाढलेल्या साखरेनं बिघडलेल्या नसा. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. आग झाली की माणूस डॉक्टरकडे जातो, बधिरपणाला मात्र कुणी दुखणं मानत नाही. मला बधिरपणाचीच जास्त भीती वाटते. पायात खिळा गेला तरी कळत नाही.

आधी तपासणी. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर आणि टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर, पुढे दरवर्षी पाय तपासून घ्या. डॉक्टर नायलॉनचा बारीक तंतू तळपायाला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. फार वेळ लागत नाही. कुणी सांगितलं नाही तरी चपला-मोजे काढून बसा. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात आणि ती कमतरता भरून काढता येते.

साखर आटोक्यात आणा, पण हळूहळू. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, बऱ्याच जणांसाठी ७ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. वय झालेल्यांना थोडी सूट असते. फार वाढलेली साखर एकदम खाली आणली तर काहींच्या वेदना उलट भडकतात. गेलेली नस सहसा पूर्ववत होत नाही, बिघाड पुढे सरकू नये हा प्रयत्न असतो. तंबाखू आणि दारू सोडणं त्यातच आलं.

वेदनेचं औषध. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच मूत्रपिंडाला बाधतात. डॉक्टर प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत सुरू करतात. गुण यायला काही आठवडे लागतात. गुंगी येते, तेव्हा म्हाताऱ्या माणसानं रात्री उठताना जपावं. गोळी मनानं एकदम बंद करू नका. आग थांबली तरी नस सुधारलेली नसते, म्हणून खाली सांगितलेली पायांची काळजी चालूच ठेवायची.

रोज रात्री पाय पाहा. सगळ्यात मोलाचं काम हेच. जमिनीवर आरसा ठेवून तळवा बघा, बोटांच्या बेचक्या उघडून बघा. नजर अधू असेल तर घरातल्या कुणीतरी पाहावं. पाय कोमट पाण्यानं धुवा, पाण्याचा अंदाज पायानं नव्हे तर कोपरानं घ्या. शेकाची पिशवी, शेगडी आणि गरम पाण्यात पाय बुडवणं पूर्ण बंद. बेचक्या कोरड्या पुसा, टाचांना खोबरेल तेल लावा, बेचक्यांत नको. नखं सरळ कापा. पायाला झालेलं कुरूप ब्लेडनं कोरू नका, त्यावर औषधी पट्टीही चिकटवू नका.

घरातही अनवाणी फिरू नका. मागे पट्टा असलेली मऊ तळव्याची चप्पल घ्या, आणि ती संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का बघा. देवळात जायचं तर सकाळी लवकर जा. दुपारी तापलेल्या फरशीवर फोड येतात आणि ते घरी आल्यावर दिसतात.

त्याच दिवशी दवाखाना कधी? फोड, जखम, काळपट डाग, घाण वास. किंवा पाय न दुखता अचानक गरम होऊन सुजला, तर हाडं ढासळत असू शकतात. त्या पायावर भार देऊ नका. हळद-चुना लावून वाट पाहू नका.

नसा आतल्याही बिघडतात. उठताना अंधारी येणं, जेवण पोटात तसंच राहिल्यासारखं वाटणं, लघवी नीट न होणं, लैंगिक अडचण, हे सगळं न लाजता डॉक्टरांना सांगा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. एकाएकी दम लागला, दरदरून घाम फुटला तर १०८ ला फोन लावा.